तुम्ही जेवलाव का ह्यातलं?

डिसेंबरातली रात्र होती, सव्वाअकरा वाजून गेले होते. पुण्यात वारज्याच्या पुढे महामार्गाच्या सेवारस्त्याला लागून एका अर्धवट इमारतीमागे पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथे लग्नात उरलेलं अन्न घेऊन आमची व्हॅन थांबली. मागचं दार उघडलं की आधी वास बाहेर पडतो, माणसं नंतर येतात. त्या दिवशी मसालेभाताचा वास होता, तोंडली आणि काजू घातलेला, वर साजूक तुपाचा हात. त्याच्याखाली ओल्या सिमेंटचा आणि कुठेतरी जळत असलेल्या टायरचा. बायका ताटं, पातेली घेऊन आल्या होत्या, एक तर रंगाचा घासूनपुसून लख्ख केलेला डबा घेऊन. मी झाऱ्याने भात वाढत होते. एका बाईचा नंबर आला तेव्हा तिने पातेलं पुढे केलं नाही. भाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही जेवलाव का ह्यातलं?"

आवाजात संशय नव्हता. लातूरकडची बाई, तिकडे माणूस दारात आला की जेवण झालं का हे विचारतातच. पण "ह्यातलं" हा शब्द तिने जरा दाबून उच्चारला, निदान मला तरी तसं वाटलं. मी म्हणाले, "हो, तिथंच जेवलो आम्ही सगळे."

खोटं होतं.

मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने आग्रह केला होता खरा. "दोन घास खाऊन घ्या, ताई, गरम आहे अजून." आम्ही घाईचं कारण सांगितलं होतं, आणि घाईही होतीच. पण माझ्यापुरतं खरं कारण वेगळं होतं. कार्यालयाची मागची बाजू एकदा बघितली की जेवावंसं वाटत नाही. ओली फरशी, खरकट्या प्लेटांचा ढीग, त्यात अर्ध्या पुऱ्या आणि चिकटलेले कागदी रुमाल, नळाखाली उकिडव्या बसलेल्या भांडीवाल्या. पुढच्या दाराने आत गेले असते तर तोच मसालेभात मी दोनदा घेतला असता. घरी पोचायला साडेबारा झाले. भूक लागली होती. सकाळच्या तीन पोळ्या डब्यात होत्या, त्या कुस्करून कांदा-मिरची-कढीपत्त्याची फोडणी दिली, वर लिंबू पिळलं आणि उभ्या उभ्या कढईतूनच खाल्ल्या. फार छान लागल्या.

शिळंच खाल्लं म्हणायचं. पण माझं.

त्या रात्रीपासून हे शब्द डोक्यात घोळत राहिले. उरलेलं, शिळं, उष्टं, खरकटं. आपल्याकडे या चौघांत केवढ्या भिंती आहेत! उरलेलं म्हणजे पातेल्यातलं, अजून कुणाच्या पानात न गेलेलं. शिळं म्हणजे नुसती वेळ उलटून गेलेलं. त्यात काही कमीपणा नाही, उलट शिळ्या भाकरीचा काला आणि फोडणीचा भात यांच्यासाठी मुद्दाम उरवणारी घरं मला माहीत आहेत. उष्टं म्हणजे कुणाच्या तरी तोंडाशी जाऊन आलेलं. आणि खरकटं ही तर अख्खी एक व्यवस्थाच, माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात भाताचं शीत लागलेला हात लोणच्याच्या बरणीजवळ गेला तर घरात भूकंप व्हायचा. पण याच भाषेत बाळाच्या पहिल्या घासाच्या समारंभाला उष्टावण म्हणतात. चांदीच्या वाटीत खीर, मामाच्या मांडीवर बाळ, सोन्याच्या अंगठीने ओठाला लावलेला थेंब. आयुष्यातलं पहिलं अन्न आणि नाव उष्ट्याचं! प्रसाद तरी काय, देवाने आधी खाल्लेलं. म्हणजे उष्टं वाईट नसतं, कुणाचं उष्टं आहे यावर सगळं ठरतं. आईचं चालतं, देवाचं चालतं, मैत्रिणीच्या डब्यातलं चालतं. वरून खाली आलेलं मात्र घशात अडकतं, आणि खाली उभं असणाऱ्यालाच ते कळतं.

माझ्या आईला विचारलं तर ती वेगळंच सांगते. तिचं माहेर माण तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात ती आठ-नऊ वर्षांची होती. आजी-आजोबा दोघंही खडी फोडायला जायचे, हातोडीने, दिवसभर उन्हात, आणि आई धाकट्या मामाला कडेवर घेऊन त्याच कामावर कडेच्या बाभळीखाली बसायची. तिथे सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची, गुळाची, कोरडी, मूठभर. आई अजूनही सुकडी म्हणताना नकळत बोटं तोंडाशी नेते. आणि रेशनवर मिळायची मिलो, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची, तव्यावर टाकताना तुटायची, चवीला तुरट. "तिकडं ती जनावरांना घालतात," असं गावात सगळे म्हणायचे. म्हणत म्हणत खायचे. पोट दोन्हींनी भरलं. पण पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी आई पौष्टिक म्हणून विकायला ठेवलेलं कुठलंही लालसर पीठ घरात येऊ देत नाही. सुकडी मात्र थंडीत एकदा तरी करते, आणि दर वेळी म्हणते, तशी होत नाही.

सुकडी तरी कुठे घरची होती? तीही सरकारीच. पण ती कुणीतरी पोरांसाठी म्हणून भाजलेली होती.

आमच्या गटाला नाव नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तेरा-चौदा माणसं, त्यातली रात्री अकराला खरोखर येणारी पाच. व्हॅन एका काकांची. काका बँकेतून निवृत्त झालेले, सत्तरीचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतात, पातेली उचलायची असली तरी. पहिल्या दिवशीच त्यांनी सांगितलं होतं, प्लेटमधलं काही घ्यायचं नाही, आणि काउंटरवर मांडलेलंही नाही. कार्यालयात गेलं की ते आचाऱ्याला प्रत्येक पातेल्याकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारतात, "हे भांडं बाहेर गेलं होतं का?" बाहेर म्हणजे पाहुण्यांसमोर. गेलं असेल तर पन्नास माणसांचं अन्न दिसत असूनही ते झाकण लावतात. मला सुरुवातीला हा हट्ट वाटायचा. काउंटरवरचं अन्न काही उष्टं नसतं, डावाने वाढून घेतलेलं असतं. एकदा मी तसं म्हणालेही. काकांनी लगेच उत्तर दिलं नाही. गाडी म्हात्रे पुलावर आल्यावर बोलले.

त्यांचं गाव नगर जिल्ह्यातलं. वडिलांकडे येसकरपाळी यायची. दिवसभर गावाची कामं करायची आणि संध्याकाळी घोंगडी, काठी घेऊन दारोदार "भाकर वाढा" म्हणत फिरायचं. घोंगडीत पडायची ती कधी ताजी असायची, बहुतेकदा नसायची. कालवण सगळं एकात एक. बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडच्या परिषदेत लोकांना सांगितलं होतं की मेलेल्या ढोरांचं मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. ते काकांच्या वडिलांपर्यंत पोचायला आणि अंगात मुरायला मात्र जवळजवळ तीस वर्षं गेली. 1956 नंतर, दीक्षा झाल्यावर, त्यांच्या घरातली घोंगडी फिरायची थांबली. काका तेव्हा तीन वर्षांचे. त्यांना स्वतःला काहीच आठवत नाही, आईने सांगितलेलं आठवतं. ती म्हणायची, त्या वर्षी आपण अर्ध्या पोटी होतो, पण संध्याकाळ झाली की घाबरायला होत नव्हतं.

"मग तुम्ही हे काम का करता?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

"मी वाटायला येत नाही," काका म्हणाले, "बघायला येतो." एवढंच. पुढे सिग्नलला गाडी थांबली आणि ते रविवारच्या लग्नाबद्दल बोलायला लागले.

लग्नाचं गणित मला आता बऱ्यापैकी कळतं. यजमान पानं सांगतो, म्हणजे अमुक इतकी माणसं जेवतील. दरही पानामागेच ठरतो. साडेतीनशे पानं सांगितली की आचारी मनात चारशे धरतो, कारण पुण्यात लग्नाला येणार की नाही हे कळवायची पद्धत नाही, आणि "अगत्य येण्याचे करावे" छापलेल्या दोनशे पत्रिकांतून नक्की किती माणसं उगवतील हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. यजमानही चारशेच धरत असतो, पण बोलत नाही. भाताला कमी पडलं ही गोष्ट तीन पिढ्या सांगितली जाते. उरलं, हे कुणीच सांगत नाही. म्हणजे रात्री आम्ही जे भरून नेतो ते चुकून उरलेलं नसतंच, ते आधीपासून ठरवून, पैसे मोजून उरवलेलं असतं. अब्रूचा विमा म्हणा हवं तर. पंगत होती तेव्हा वाढपी पानाकडे बघून वाढायचा, नको म्हणणाऱ्याच्या पानावर हात आडवा यायचा. त्यातही आग्रहाने घातलेल्या जिलब्या पानात टाकून लोक उठायचेच, उगाच जुन्या काळाचे गोडवे नकोत. पण आता मसालेभाताशेजारी पास्ता, त्याशेजारी चाट, पलीकडे हक्का नूडल्स. एकाच माणसासाठी तीन जेवणं रांधलेली असतात आणि तो तिन्ही प्लेटा अर्ध्या ठेवून आइस्क्रीमच्या रांगेत उभा असतो.

फोन साधारण दहा-साडेदहाला येतो. "शंभर माणसांचं आहे, लगेच या, हॉल अकराला रिकामा करायचाय." लगेच या, हे देणाऱ्याचं घड्याळ. अन्नाचं घड्याळ निराळं. संध्याकाळच्या लग्नाचा भात पाच-साडेपाचला उतरलेला असतो. भाताइतकं फसवं काही नाही. शिजताना न मरणारे बीजाणू त्यात राहतात, भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते जागे होतात, आणि वासाने नेहमी कळतंच असं नाही. म्हणून आम्ही किती वाजता उतरवला हे विचारतो, हात लावून बघतो, आता तर एक थर्मामीटरही घेतलाय. अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिलेलं असेल तर जीव भांड्यात पडतो. मठ्ठा, कोशिंबीर, ओलं खोबरं घातलेलं काहीही, फ्रूट सॅलड, पनीर, ही सगळी आमच्या लेखी बाद. पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, शिरा, बुंदी, जिलेबी, ही आमची लाडकी. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्यासाठी 2019 पासून केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचे स्वतंत्र नियम आहेत. काकांनी ते छापून आणून व्हॅनच्या कप्प्यात ठेवलेत, आणि कुणी "काय एवढं, गरिबांना सगळं पचतं" असं म्हणालं की ते कागद काढून त्याच्या हातात देतात. हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलंय! चांगली, हौशी, सढळ हाताची माणसं म्हणतात ते.

एकदा दीड पातेलं भात आम्ही नाकारला. उतरून सात तास झाले होते, कडेला किंचित चिकट लागत होता. वधूपिता आधी विनवणी करत होते, मग चिडले. "म्हणजे आम्ही टाकून देऊ? अन्न टाकून देऊ?" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं. आयुष्यभर पानात शीत ठेवू नये असं ऐकलेला माणूस. तो भात त्यांच्या डोळ्यांसमोरून कुणीतरी फक्त घेऊन जायला हवा होता. पुढे त्याचं काय झालं हे त्यांनी कधी विचारलं नसतं. आम्ही पुष्कळदा भुकेल्यांसाठी नाही, अशा बापांसाठी रात्री गाड्या पळवतो, असं मला त्या दिवशी वाटून गेलं. आणि दुसरी तऱ्हा म्हणजे नवरा-नवरीच्या हस्ते वाटप करायचं, फोटोग्राफर गाडीतून मागे येणार. काका त्याला थांबवत नाहीत, फक्त व्हॅन अशी उभी करतात की फ्रेममध्ये तीच येते.

या कामाला आता मोठमोठी नावं आहेत. 2014 साली दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी किती शहरांत पोचली. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी डबेवाल्यांना बरोबर घेऊन रोटी बँक काढली. बँक हा शब्द मला आधी कोरडा वाटायचा. मग कळलं की तो आला कुठून. 1967 मध्ये अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल नावाच्या गृहस्थाने पहिली अन्नबँक उघडली. ती कल्पना त्याला एका बाईने दिली होती. दहा मुलांची आई, दुकानामागच्या कचराकुंडीतून चांगलं निघालेलं अन्न वेचून मुलांना घालायची. पैसे ठेवायला-काढायला असते तशी अन्नाचीही एक जागा असायला हवी, असं ती म्हणाली. म्हणजे शब्द देणाऱ्याचा नाहीच, घेणारीचा आहे. बँकेत जाऊन पैसे काढताना आपण मान खाली घालत नाही, पासबुक पुढे सरकवतो. तिला तेवढंच हवं असणार. अर्थात हा माझा तर्क.

पण सगळ्यात विचित्र गोष्ट मला पहिल्या वर्षाच्या शेवटी कळली. भूक रोजची असते, आणि आमचं उरलेलं अन्न पंचांगाने चालतं. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात, मुहूर्त दाट असले की एका रात्रीत तीन कार्यालयं, अक्षय तृतीयेला तर व्हॅन पुरत नाही, जिलेबी आहे म्हटल्यावर वस्तीतली मुलंही तोंड फिरवतात. आणि मग आषाढी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि फोन गप्प होतात. नेमक्या त्याच दिवसांत पाऊस असतो. खोदाई थांबते, स्लॅब थांबतात, वारज्याच्या नाक्यावर सकाळी उभी राहिलेली माणसं दहा वाजता तशीच डबा घेऊन परत येतात. ज्या महिन्यांत वस्तीला खरी गरज, त्याच महिन्यांत देवासकट सगळे झोपलेले. पहिल्या आषाढात आम्ही वर्गणी काढली आणि काकांच्या अंगणात स्वतः खिचडी शिजवली. एक रविवार झाला, दुसरा झाला. तिसऱ्या रविवारी दोघंच आलो. चौथा झालाच नाही. रात्री साडेदहाला फोन येतो, धावाधाव होते, टाकून दिलं जाणारं अन्न आपण ओढून काढतो, त्यात एक नशा आहे. तांदूळ निवडून, कांदे चिरून, धूर खात खिचडी रांधण्यात ती नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

शिवाय अन्न वाया जातं ते काही फक्त लग्नात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने 2024 मध्ये जो अहवाल काढला, त्यात 2022 या एका वर्षात जगभर 105 कोटी टन अन्न वाया गेल्याचा अंदाज आहे, आणि त्यातलं सुमारे 60 टक्के घराघरांतलं. भारतात घरात माणशी वर्षाला 55 किलो. साली-देठं त्यात धरली आहेत, पण तरी रोजचे दीडशे ग्रॅम झाले. जवळजवळ वाटीभर भात. मी वाचलं, आणि उठून फ्रिज उघडला. मागच्या कोपऱ्यात पिशवीतच काळी पडलेली कोथिंबीर, चार दिवसांपूर्वीच्या उसळीची वाटी, "उद्या खाऊ" म्हणून झाकलेला अर्धा ढोकळा. हे सोडवून न्यायला कुठलीच व्हॅन येणार नाही. आईने हा फ्रिज बघितला की ती काही बोलत नाही. नुसती कोथिंबिरीतल्या चार हिरव्या काड्या निवडायला बसते.

तर, ते खोटं. त्या रात्रीनंतरच्या पहिल्याच खेपेला मी आचाऱ्याकडे वाटी-चमचा मागितला. प्रत्येक पातेल्यातलं थोडं थोडं घेतलं आणि तिथेच, त्या ओल्या फरशीवर, भांडीवाल्यांच्या शेजारी उभं राहून खाल्लं. पहिला घास जड गेला. आचाऱ्याचा चेहरा पडला, "ताई, विश्वास नाही का आमच्यावर?" काय सांगणार! हळूहळू सगळ्यांना सवय झाली. आता काही आचारी मला बघितलं की आपणहून बशी भरतात. त्यातल्या एकाने सांगितलं की तो स्वतःच्या हातचं कधीच जेवत नाही. दिवसभर तेलातुपाच्या वासाने भूक मरून जाते, घरी जाऊन भाकरी, ठेचा आणि ताक. चारशे पानांचं रांधणारा माणूस, आणि त्याचं स्वतःचं पान दुसरीकडेच मांडलेलं. काका माझ्या चाखण्याला हसतात. "नैवेद्य आधी चाखायचा नसतो," म्हणतात. पण एकदा अळूच्या भाजीला किंचित आंबूस लागलं तेव्हा त्यांनीच पातेलं खाली ठेवलं.

चाखायला लागल्यावर एक गोष्ट झाली, जी मला अपेक्षित नव्हती. मला अन्नात खोडी दिसायला लागल्या. मसालेभातात गोडा मसाला जास्त, शिरा कोरडा, भाजीत बटाटे कच्चे. आधी मला फक्त किती आहे आणि किती वाजता उतरलं एवढंच दिसायचं. वस्तीतही असं कुणी म्हटलं तर आधी माझ्या कपाळाला आठी पडायची, फुकट मिळतंय आणि वर! हा विचार शब्दांत नाही यायचा, पण आठीत असायचाच. एकदा एका पोराने पुलाव नाकाला लावून "ह्यात तमालपत्रच लई हाय" असं म्हटल्यावर मी त्याच्याकडे कशी बघितली असेन, देव जाणे. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मला अर्ध्या तासापूर्वीच कळलेलं होतं.

यंदा तुळशीच्या लग्नानंतरची पहिली खेप. डीपी रोडवरच्या एका लॉनवरून निघालो. बाहेर चांगलीच थंडी होती, व्हॅनच्या काचा आतून वाफेने भरलेल्या. इमारत आता पुरी होत आली आहे, वरच्या मजल्यांना रंग लागलाय, पण पत्र्याच्या खोल्या अजून मागे आहेत. ती दिसली. अंगावर नवऱ्याचा स्वेटर, हातात तेच पातेलं.

"आज काय हाय, ताई?"

"वरण, भात, बटाट्याची भाजी, बुंदी," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, "वरणात मीठ कमी आहे बरं का. चांगलंच कमी."

ती हसली. "मग खाल्लाव म्हणा की."

मी काही बोलले नाही. ती पातेलं माझ्याच हातात देऊन आत गेली, आणि प्लास्टिकची एक डबी घेऊन आली, झाकण तडकलेली, रबर लावून बंद केलेली. वरणाच्या मोठ्या पातेल्यावर वाकली, खाली कितपत आहे ते बघितलं, मुठीने अंदाज घेत मीठ टाकलं, माझ्या हातातली पळी घेऊन तळापासून ढवळलं. मागे रांगेतल्या बायका "बास, बास" म्हणत होत्या, एक म्हणत होती अजून टाक. तिने पळीतलं थोडं स्वतःच्या तळहातावर घेऊन चाखलं, परत चिमूटभर टाकलं, परत ढवळलं. मग पळी माझ्याकडे केली.

"बगा आता."

मी तळहात पुढे केला.